विमानाची बखर आणि विमानाचे दफ्तर

मुलूख सोडून दूर राहणाऱ्या माणसाला मुलखाचा अभिमान अंमळ अधिकच असतो. पुण्यात असताना ज्याला पुण्याचे कौतुक सुचत नाही, तोच बदलीच्या हुकुमाने उत्तरेकडे आला, की शेजाऱ्यांना पेशवाईच्या गोष्टी सांगू लागतो. झाशीत तर या अभिमानाला आयतेच आलंबन आहे. नेवाळकरांनी राखलेले हे शहर. त्याच्या माथ्यावर तो किल्ला. खाली राणीचा महाल. जुन्या शहरातील मानिक चौकात संध्याकाळी सामान घ्यावयास गेलेल्या मराठी नोकरदाराला आपण अगदीच परमुलखात आहोत असे वाटत नाही, ते यामुळेच. या अभिमानाच्या पोतडीत आणखी एक गोष्ट हमखास निघते, आणि ती झाशीची नसून मुंबईची आहे. राईट बंधूंच्या आधी आठ वर्षे, म्हणजे १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विनाचालक विमान उडवले, ही ती गोष्ट होय.

आज तिचा विचार करण्यास निमित्त घडले ते मुलांच्या एका छंदाचे. येथील मराठी घरांतील काही मुले विजेच्या मोटारीवर चालणारी आणि बिनतारी यंत्राने हाती राहणारी छोटी विमाने बनवतात. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी आपली विमाने मांडून दाखवण्याचे ठरवले. प्रदर्शन म्हटले की पाट्या आल्या. आणि पाट्यांचा मजकूर लिहिण्याचे काम, आम्ही सरकारी कारकून असल्यामुळे, आमच्याकडे आले. पहिली पाटी मुलांनी मनाशी ठरवूनच ठेवली होती : "जगातील पहिले विमान – मुंबई, १८९५." ती लिहावी की लिहू नये, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी आम्हाला जे वाचावे लागले, त्याचे सार येथे देत आहोत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की, विमानाच्या इतिहासात खेळण्याला दुय्यम स्थान नाही. आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच गृहस्थाने १८७१ साली पॅरिसच्या त्विलेरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक लहानसे विमान लोकांसमक्ष उडवले. मागे शेपूट, पंख किंचित वर उचललेले आणि वजन योग्य जागी; यामुळे ते आपला तोल आपणच सांभाळी. त्याच पेनोच्या धर्तीवरचे एक उडते खेळणे १८७८ साली एका अमेरिकन धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट होत. तेव्हा चौपाटीवरचे विमान माणसावाचून उडाले असेल, तर तेवढ्यामुळे त्याची थोरवी कमी होत नाही. प्रश्न थोरवीचा नाही, प्रमाणाचा आहे.

प्रमाण म्हणजे काय, हे चौपाटीच्या कथेनंतर एकाच वर्षाने घडलेल्या एका घटनेवरून कळते. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँगली यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवरील एका नौकेच्या छपरावरून आपले वाफेच्या इंजिनाचे विनाचालक विमान सोडले. त्याचे वजन सुमारे ११ किलो. पहिल्या खेपेस ते सुमारे १००० मीटर, दुसऱ्या खेपेस सुमारे ७०० मीटर उडाले आणि अलगद पाण्यावर उतरले. त्या वेळी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हजर होते. त्यांनी उडत्या विमानाचे छायाचित्र घेतले. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे, विमानही जपलेले आहे. दिवस, स्थळ, वजन, अंतर, साक्षीदार, चित्र आणि वस्तू अशी सात कलमे जेथे भरलेली आहेत, त्या प्रकरणावर कोणताही अधिकारी निःशंकपणे सही करील.

आता चौपाटीचे प्रकरण पाहू. १८६४ मध्ये जन्मलेले तळपदे संस्कृताचे व्यासंगी होते, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, आणि प्राचीन विमानविद्येचा ध्यास त्यांनी घेतला होता. येथवर सर्व ठीक. परंतु ते विमान १५०० फूट चढले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज ते पाहावयास उभे होते, पाऱ्याच्या शक्तीने ते चालले, हा जो तपशील आज सांगितला जातो, त्याच्या पाठीशी त्या दिवसाचे छायाचित्र नाही, मोजमाप नाही, आराखडा नाही, आणि ज्यांची नावे साक्षीदार म्हणून घेतली जातात त्यांच्या हातची एक ओळही नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो, त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ १९०० ते १९२२ या काळात निर्माण झालेला असून त्यातील याने उडू शकणार नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. म्हणजे १८९५ च्या विमानाला आधार म्हणून जो ग्रंथ दाखवतात, तो त्या वेळी रचलाच गेला नव्हता!

यावर एक उत्तर ठरलेले असते : परकी सत्ता होती, तिने हे सारे दडपले. सत्तेने पुष्कळ दडपले हे खरेच. परंतु हे उत्तर येथे लागू पडत नाही. त्याच १८९५ साली, त्याच सत्तेखाली, कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी बिनतारी लहरी मधल्या भिंतींतून पलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारूचा स्फोट करून दाखवला. दुरून, तारेवाचून एखादे यंत्र चालवणे, हेच ते. बसूंनी आपले निबंध प्रसिद्ध केले, उपकरणे जपली, आणि १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन ती शास्त्रज्ञांपुढे मांडली. पारतंत्र्याने त्यांना पगार कमी दिला. परंतु त्यांची नोंद पुसता आली नाही. मुलांच्या हातातील नियंत्रक यंत्राचा भारतीय पूर्वज शोधावयाचा असेल, तर तो चौपाटीवर नसून कलकत्त्यास आहे.

ही पुराव्याची कसोटी साहेबाकडून उसनी घेतलेली आहे, असेही कोणी समजू नये. मराठी माणसाने ती आपल्याच इतिहासावर लावून दाखवलेली आहे. बखरींतून चालत आलेला मराठ्यांचा इतिहास पुरेसा नाही, अस्सल पत्रे पाहिजेत, या हट्टापायी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे धुंडाळत हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ज्या समाजाने शिवछत्रपतींच्या इतिहासासाठीसुद्धा बखरीवर न विसंबता दफ्तर मागितले, त्याने विमानासाठी बखरीवर समाधान मानावे, हे राजवाड्यांच्या वारसांस शोभत नाही.

अभिमानाने इतिहासाची पाटी चुकवण्याचा रोग केवळ आपलाच आहे असेही नाही. ज्या लँगलींची नोंद इतकी चोख, त्यांच्याच संस्थेत पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. लहान विमान उडाले म्हणून लँगलींनी माणूस वाहणारे मोठे विमान बांधले. ते १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात दोन्ही वेळा नदीत कोसळले. नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राईट बंधू उडाले. तथापि १९१४ साली लँगलींचे पडलेले विमान पुष्कळ फेरफार करून पाण्यावरून उचलण्यात आले, आणि तेवढ्या आधारावर, माणसासह उडण्यास समर्थ असे हेच पहिले विमान, अशी पाटी स्मिथ्सोनियनने त्यावर लावली. आपल्या माजी प्रमुखाचा अभिमान, दुसरे काय? ऑर्व्हिल राईट संतापले आणि त्यांनी आपले मूळ विमान १९२८ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयात धाडले. केलेले फेरफार एकामागून एक छापून स्मिथ्सोनियनने १९४२ साली आपला दावा मागे घेतला, तेव्हा कुठे तंटा मिटला. विमान मायदेशी आले ते १९४८ साली, ऑर्व्हिल यांच्या मृत्यूनंतर. एका खोट्या पाटीपायी एका राष्ट्राला आपले सर्वांत मोलाचे यंत्र वीस वर्षे परदेशी ठेवावे लागले. पाटी लिहिणाऱ्याने हा प्रसंग विसरता कामा नये.

खऱ्या नोंदींनी भरलेला मार्ग मात्र रुक्ष नाही; उलट मुलांच्या छंदापर्यंत तो थेट येऊन पोहोचतो. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युतघटावर चालणारी एक छोटी नौका बिनतारी संदेशाने फिरवून दाखवली आणि तिचे पेटंट घेतले. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांनी १९३७ साली बिनतारी नियंत्रणाचे विमान उडवले. तेही आता संग्रहालयात आहे. या विमानांत तेलाचे इंजिन असे. विजेच्या मोटारीवर, बिनतारी नियंत्रणाखाली उडालेल्या पहिल्या विमानाची नोंद इंग्लंडातील कर्नल टॅपलिन यांच्या नावे ३० जून १९५७ ची आहे. त्यासाठी त्यांनी चांदी आणि जस्त यांचे घट वापरले होते. जर्मन भाषिक प्रदेशात फ्रेड मिलिटकी यांनी विजेची छोटी विमाने करता करता तीच विद्या मोठ्या यानास लावली, आणि २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातील वेल्स येथे माणूस घेऊन विजेवर उडालेले विमान आकाशात गेले. येथेही खेळणे पुढे आणि मोठे यंत्र मागे, हाच क्रम दिसतो.

या सर्व काळात खरी अडचण वजनाची होती. वीज साठवणारे घट इतके जड की विमानाने स्वतःला उचलावे की घटाला, हा प्रश्न पडे. लिथियमचे हलके घट आणि ब्रशविरहित मोटारी सर्रास मिळू लागल्या, तेव्हा, म्हणजे या शतकाच्या आरंभी, हे कोडे सुटले. आज मीटरभर पंखांचे फोमचे विमान अर्धा-पाऊण किलोत बसते. त्यात ११.१ व्होल्टचा तीन घटांचा संच, एक मोटर, तिचा वेग राखणारे छोटे यंत्र, संदेश घेणारा रिसीव्हर आणि शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या, जेमतेम नऊ ग्रॅमच्या दोन सर्व्हो मोटारी एवढेच असते. यातले थर्माकोल, डिंक, चिकटपट्टी, बांबूच्या काड्या मानिक चौकाच्या बाजारात मिळतात. विजेचे सामान बाहेरून मागवावे लागते. परंतु जे कोणत्याच बाजारात मिळत नाही ते म्हणजे तोल. पंखाच्या रुंदीचा पुढचा चौथा ते तिसरा हिस्सा, या जागी वजनाचा मध्य आला नाही, तर महागड्या मोटारीचाही उपयोग होत नाही. घट बोटभर मागे सरकला तरी विमान नाक वर करून कोलमडते. या शास्त्रापुढे कोणाचेही आडनाव चालत नाही.

या छंदातही नोंदीला किती मान आहे पाहा. पूर्वीच्या यंत्रांत दोघांनी एकाच लहरीवर संदेश सोडले की विमान कोणाचेच ऐकत नसे आणि खाली येई. म्हणून मैदानावर एक फळा असे. ज्याची खुंटी त्या लहरीच्या खणात, त्यानेच यंत्र सुरू करावयाचे. आजची यंत्रे ही काळजी स्वतः घेतात. परंतु नोंद सुटलेली नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक, लालमध्ये सरकारी परवानगीखेरीज मज्जाव. झाशी हे छावणीचे शहर; येथे नकाशा पाहिल्यावाचून विमान हाती धरू नये, हे आम्ही मुलांना प्रथम सांगितले.

याच शहरात १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणीच्या जयंतीदिनी, भारतीय कंपन्यांनी तयार केलेली विनाचालक याने सैन्यदलाच्या स्वाधीन झाली, आणि उत्तर प्रदेशाच्या संरक्षण उद्योग पट्ट्यातही झाशीची गणना आहे. राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाला. त्या विभागातील मुलांना विमानांच्या प्रतिकृती करण्याचे शिक्षण दिले जाते. म्हणजे मुलांचे हे खेळणे उद्याच्या उपजीविकेची धुळपाटी ठरू शकते. आणि धुळपाटीवर पहिलेच अक्षर खोटे गिरवू देऊ नये.

एक आक्षेप आम्हाला झाशीनेच सुचवला. नोंदीवर एवढा भरवसा कशाला ठेवावा? गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, मेजर एलिस या इंग्रज अधिकाऱ्यासमक्ष दत्तक घेतला, खलिता दिला. कागद चोख होता, साक्षीदार सरकारी होता; तरीही १८५४ साली राज्य खालसा झाले. हे खरे आहे. परंतु आज पावणेदोनशे वर्षांनी झाशीवर अन्याय झाला असे आपण ठामपणे म्हणतो, ते कशाच्या बळावर? त्या कागदाच्याच. सत्ता नोंदीचा अनादर करू शकते, पण नोंद असेल तर तो अनादरही नोंदला जातो. ज्याची नोंदच नाही, त्याला न्याय मागण्यासही जागा उरत नाही.

शेवटी आम्ही पाटी लिहिली ती अशी : "शिवकर बापूजी तळपदे, मुंबई. विमानविद्येचा ध्यास घेतलेले अभ्यासक. १८९५ च्या उड्डाणाची कथा प्रसिद्ध आहे. तिचा पुरावा मिळालेला नाही." मुले थोडी हिरमुसली, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमच्या मराठीपणाविषयी शंकाही काढली. त्यांना आमचे उत्तर एवढेच होते की, आपल्या माणसाच्या नावावर न केलेले काम चढवणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याने केलेल्या खऱ्या कामाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, याची ती व्यवस्था आहे. दुसऱ्या पाटीवर पेनो, लँगली, बसू, टेस्ला आणि टॅपलिन यांची नावे सालांसह ओळीने लिहिली. तिसरी पाटी मुलांच्या विमानांची. तीत प्रत्येक विमानापुढे पंखांची लांबी, वजन, घटाचे व्होल्ट, उडाल्याची तारीख आणि हवेत राहिल्याचे सेकंद लिहिले. एका विमानापुढे सेकंदांच्या रकान्यात 'चार' हा आकडा होता. तो पुसावा, असे मुलांपैकी कोणीही म्हटले नाही.