रक्त, लोह आणि श्वान : एका मापनाचा इतिहास

'लोह' म्हणजे लोखंड, असे आपण आज समजतो. संस्कृतात मात्र त्याचा जुना अर्थ 'तांबूस' व त्यावरून 'तांबे' असा होता. 'लोहित' म्हणजे तांबडे, तसेच रक्त. हिंदी 'लहू' आणि गुजराती 'लोही' हे त्याच कुळातले शब्द होत. रक्त व धातू यांची सांगड भाषेने अशी फार पूर्वीच घातली. परंतु ती केवळ रंगावरून. चरकसंहितेत पांडुरोगावर मंडुराचे योग सांगितले आहेत, ते अनुभवावरून. रक्तात धातू किती, हा प्रश्न मात्र मापनाचा होता. आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग कुत्र्याच्या रक्तातून मिळाला.

इ. स. १७४७ च्या सुमारास बोलोन्याच्या मेंघिनीने रक्ताच्या राखेतील कण लोहचुंबकाने उचलून दाखविले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हिपल याने कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना पांडुर केले व कोणत्या अन्नाने ते भरून येते हे पाहिले. यकृताचा गुण त्यातून सिद्ध झाला. १९३४ चे नोबेल पारितोषिक त्याला इतर दोघांसमवेत मिळाले. १९२८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी रक्तनिर्मितीस अल्पांश तांबेही लागते हे दाखविले. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श याने अणुशोषणाची पद्धती मांडली आणि असे अल्पांश मोजणे सुकर झाले.

तथापि रक्तातील अंक म्हणजे शरीरातील साठा नव्हे. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत तांबे यकृतात साचून रोग होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे रक्ताच्या तपासणीवर विसंबता येत नाही. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर रक्तद्रवातील लोह वाढलेले दिसते. रबरी बुचातून जस्त मिसळते.

हा इतिहास आपणांस परका नाही. कोल्हापूरच्या पूर्वेस घोरपड्यांचे जुने मुधोळ संस्थान होते. तेथील शिकारी कुत्रे 'कारवानी' म्हणून दक्षिण महाराष्ट्रातही परिचित आहेत. त्यांच्यासारख्याच सडपातळ, वेगवान ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर जातींहून अधिक असते. सर्वसामान्य कोष्टक लावल्यास आजारी ग्रेहाउंडही निरोगी ठरू शकतो. कारवानीचे प्रमाण कारवानीच्याच रक्तातून काढले पाहिजे. रंगावरून धातू ठरविणाऱ्या शब्दाची चूक आपण सहज क्षम्य मानतो. परक्या कोष्टकावरून निदान करण्याची चूक तितकी क्षम्य मानता येणार नाही.