जेसीबीचा चकचकीत रॉड कापून पुन्हा आटे पाडता येतात का?

जेसीबीचा हात वर-खाली करणारा चकचकीत दांडा तुम्ही पाहिलाच असेल. तो हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड. भंगारात असा सिलिंडर स्वस्तात मिळतो, पण ट्रॅक्टरच्या लोडरला लावायला गेलं की रॉड लांब पडतो. मग कापायचा आणि टोकाला नवे आटे पाडायचे, एवढंच ना?

होतं तसं. पण आधी त्या आट्यांवर येणारा जोर बघा. 80 मिमी बोअर आणि 45 मिमी रॉडचा सिलिंडर 200 बार दाबावर साधारण 10 टन जोराने ढकलतो. पिस्टनच्या टोकाला हा जोर रॉडच्या खांद्यावर येतो. ओढताना मात्र जवळपास 7 टन थेट नटावर, म्हणजे आट्यांवर येतात. ते निसटले तर लोडरचा हात कुणाला विचारून खाली येत नाही.

आता लोखंड इतकं अवघड का? चकाकी असते हार्ड क्रोमची, जाडी जेमतेम 20-25 मायक्रॉन. त्याखाली बऱ्याच रॉडना इंडक्शनने पाणी दिलेलं असतं. ही कडक साल साधारण एक-दोन मिमी. आतला गाभा मऊच. लोहाराच्या कोयत्याला धारेपुरतं पाणी देतात, तसंच हे. रॉड कापल्यावर कापलेल्या तोंडावर कानस फिरवून बघा: कडेला घसरते, मध्ये लागते. कडेलाही लागली, तर रॉडला फक्त क्रोम आहे.

त्यामुळे हात डायने आटे पाडायला जाऊ नका. डाय सालीवरच खराब होते. साधं एचएसएस टूलही इथे टिकत नाही. लेथवर कार्बाइड टूलने पहिलाच कट सालीच्या खालून खोल घ्यायचा, किंवा टोकाची साल आधी ग्राइंड करून काढायची. 45 मिमीचा रॉड उतरवून 33 मिमी केला, तर प्रत्येक बाजूने 6 मिमी जातात. साल संपली, आटे मऊ गाभ्यात, आणि पिस्टन टेकायला खांदाही मिळाला. लोभाने आटे जाड ठेवले, तर ते कडक थरात जातात आणि तिथे ठिसूळपणामुळे चीर पडू शकते. आटे संपतात तिथे आणि खांद्याच्या मुळाशी गोलाई हवीच. टोकदार कोपरा म्हणजे चिरेला आमंत्रण.

चकमध्ये धरताना जबड्यांखाली तांब्याची पट्टी घाला. क्रोमवर एक ओरखडा पडला तरी सील फाटून तेल गळायला लागतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. रॉड 100 मिमी कापला की बंद होताना त्याच्या टोकाचा डोळा सिलिंडरच्या ग्लँडवर आदळू शकतो. म्हणून सिलिंडरच्या तळाशी, तेलाची वाट न अडवता, स्पेसर लागतो. तेवढा स्ट्रोकही कमी होतो.

वेल्डिंगने तुकडा जोडायचा ‘जुगाड’ टाळा. पाणी दिलेल्या भागात वेल्डशेजारी चिरा पडतात आणि क्रोमच्या धुरात विषारी क्रोमियम असतं.

खरं तर रॉड वाकलेला किंवा ओरखडलेला असेल, तर या भानगडीत पडूच नये. तयार क्रोम बार हव्या त्या लांबीचा विकत मिळतो. काहीही केलं तरी पहिली चाचणी कमी दाबावर घ्या, आणि उचललेल्या हाताखाली कुणालाही उभं राहू देऊ नका.