नीरोची नवी आवृत्ती घ्यावी का? : औरंगाबादच्या सीडी-काळाचा जमाखर्च

मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतो. निजामकाळातले उर्दू दफ्तर मिळते, हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पत्रके मिळतात, १९८०-९० मधली नियतकालिके पिवळी पडली असली तरी वाचता येतात. अडखळायला होते ते १९९८ ते २०१० या अगदी परवाच्या बारा वर्षांपाशी. या काळातला मजकूर, लग्नाची चित्रीकरणे, स्मरणिकांची जुळणी, लहान कारखान्यांचे आराखडे आणि हिशेब मोठ्या प्रमाणात सीडी-डीव्हीडीवर गेले. त्या कपाटात असतात. उघडतीलच असे नाही. म्हणून त्या काळी फोटो स्टुडिओत, डीटीपीच्या खोलीत आणि सायबर कॅफेत विचारला जाणारा एक क्षुल्लक प्रश्न आज अभ्यासाचा विषय होतो: सीडी लिहायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पैसे मोजून घ्यावी का? (शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, इथे ज्या काळाविषयी लिहायचे आहे, त्या काळातल्या सीड्यांच्या पाठीवर ‘औरंगाबाद’ आहे, म्हणून लेखातही तेच ठेवले आहे.)

सॉफ्टवेअर म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘नीरो’. जर्मनीतल्या अहेड सॉफ्टवेअर या कंपनीने ते १९९७ साली आणले आणि २००५ मध्ये कंपनीनेच नीरो एजी असे नाव घेतले. पूर्ण नाव ‘नीरो बर्निंग रॉम’. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत बसला या दंतकथेवरची ही कोटी, आणि चिन्हात जळते कलोसियम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे थोडे हसू येते, कारण रोमची आग इसवी सन ६४ची आणि कलोसियमचा पाया नीरोच्या मृत्यूनंतर घातला गेला. पण स्टुडिओवाल्याला याच्याशी काय देणेघेणे? ‘नीरो आहे का?’ याचा अर्थ ‘सीडी राइट करून मिळेल का?’ एवढाच.

सुरुवातीच्या वर्षांत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. सीडी लिहिताना रायटरमधला लेझर रंगद्रव्याच्या थरावर अखंड रेघ ओढत जातो. त्याला संगणकाकडून माहितीचा पुरवठा सतत हवा. मध्ये बफर नावाची छोटी टाकी असते. ती रिकामी झाली की लेखन तुटते आणि सीडी कायमची वाया जाते. आपल्या पाणचक्कीत पाण्याची धार तुटली तर जाते नुसते थांबते, धार आली की पुन्हा फिरते. सीडीच्या बाबतीत थांबणे म्हणजेच संपणे होते. त्या काळी कोरी सीडी महाग आणि संगणक मंद. म्हणून लेखन सुरू झाले की माउसला हात लावायचा नाही, स्क्रीनसेव्हर बंद, दुसरा प्रोग्राम उघडायचा नाही, अशी सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखी शिस्त पाळली जाई. पूर्ण ७४ मिनिटांची सीडी एकपट वेगाने लिहायला ७४ मिनिटेच लागत. तेवढा वेळ काम करणारा माणूस नुसता पट्टीकडे पाहत बसे.

२००० साली सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ हे तंत्र आणले. टाकी रिकामी होत आली की लेझर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि पुरवठा आला की तिथूनच पुढे लिहितो. रायटरमध्ये हे तंत्र असले तरी सॉफ्टवेअरला ते वापरता यायला हवे. म्हणजे इथे नव्या आवृत्तीचा खर्च डोळे मिटून करण्याजोगा होता. दुसरी तशीच वेळ डीव्हीडी रायटर स्वस्त झाले तेव्हा आली आणि तिसरी २००४ मध्ये, दुहेरी थराच्या डीव्हीडी बाजारात आल्यावर. नवे यंत्र आणि जुना प्रोग्राम यांची ओळखच पटत नसेल, तर घासाघीस कसली करायची?

पण या तीन वेळा सोडल्या तर? २००१ मध्ये नीरो ५.५, २००३ मध्ये ६, २००५ मध्ये ७, २००७ मध्ये ८, २००८ मध्ये ९. आवृत्त्या वर्षा-दोन वर्षांनी येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी खोके जाड होत गेले. सातव्या आवृत्तीत चित्रपट पाहण्याची सोय होती, गाणी कापण्या-जोडण्याची होती, फोटो सुधारण्याची होती, सीडीचे वेष्टण सजवण्याची होती, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दाखवायचा एक आख्खा पडदाही होता. लेखनाचे मूळ काम मात्र होते तसेच होते. रायटरशी बोलण्याची आज्ञावली १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रमाणित झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा रायटर वेगळी बोली बोलायचा आणि त्यामुळे सॉफ्टवेअरची ‘ओळखीच्या यंत्रांची यादी’ सतत ताजी ठेवावी लागायची. प्रमाणीकरणानंतर ही गरज झपाट्याने ओसरली. अपग्रेड विकणाऱ्यांना विकायला दुसरे काहीतरी हवेच होते.

औरंगाबादच्या स्टुडिओवाल्याला हा तांत्रिक इतिहास माहीत असण्याचे कारण नव्हते, पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. नव्या रायटरच्या खोक्यात नीरोची छोटी आवृत्ती फुकट येत असे. विंडोज एक्सपीत २००१ पासून साध्या सीडी लिहिण्याची सोय आतच होती, डीव्हीडीची नव्हती. पुढे ‘सीडीबर्नरएक्सपी’ आणि ‘इमगबर्न’ हे फुकट आणि चोख प्रोग्राम आले. आणि खरे बोलायचे तर, शेजारच्या दुकानातून आणलेल्या प्रतीवर मार्करने लिहिलेला सीरियल नंबर हीच देशभर नीरोची रूढ परवाना-पद्धत होती. पूर्ण खोक्याची किंमत परदेशात सत्तर ते शंभर डॉलर आणि डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास. तीन-चार हजार रुपये कशासाठी द्यायचे, हा प्रश्न तेव्हा अडाणीपणाचा नव्हता.

आकडे मांडून पाहू. समजा २००५च्या लग्नसराईत एका स्टुडिओने ५०० डीव्हीडी लिहिल्या आणि विसातली एक वाया गेली. पंचवीस डीव्हीडी, एकीचे पंचवीस रुपये धरले तर तोटा सव्वासहाशेचा. नव्या आवृत्तीने हा तोटा पूर्ण थांबवला असे मानले, तरी तिची किंमत वसूल व्हायला पाच-सहा हंगाम गेले असते, आणि तोवर आणखी दोन आवृत्त्या आल्या असत्या. शिवाय सीडी वाया जाण्याची कारणे नीरोत नव्हतीच. हलक्या प्रतीची कोरी सीडी, झिजलेला लेझर आणि वीज ही ती कारणे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली आणि मराठवाड्याच्या वाट्याला त्यातला मोठा हिस्सा आला. चौपट वेगाने पूर्ण डीव्हीडी लिहायला चौदा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात लाईट गेली तर बर्न-प्रूफ काही करू शकत नाही, नवी नीरोही नाही. लागतो तो यूपीएस. माझ्या मते त्या काळात अपग्रेडसाठी बाजूला काढलेले पैसे यूपीएसच्या बॅटरीवर घालणारा दुकानदार शहाणा ठरतो.

इथवरचा जमाखर्च दुकानदाराचा झाला. गिऱ्हाईकाचा वेगळा आहे, आणि इतिहासाभ्यासकाचा तर आणखी वेगळा.

लग्नाचे चित्रीकरण तेव्हा मिनीडीव्ही टेपवर होई. टेप महाग, म्हणून डीव्हीडी गिऱ्हाईकाच्या हातात पडली की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची, ही या धंद्यात सर्वत्र रुळलेली रीत. म्हणजे पंचवीस रुपयांची डीव्हीडी ही प्रत नव्हतीच. तीच मूळ बनत असे. आज त्या चित्रीकरणात कोणाची आजी शेवटची दिसते, कुठला पाडलेला वाडा मागे दिसतो, हे सांगायला दुसरा पुरावा उरलेला नसतो. आणि नेमकी इथे उपयोगी पडणारी गोष्ट नीरोच्या जुन्या आवृत्तीतही फुकट होती: लेखन झाल्यावर लिहिलेले मुळाशी ताडून पाहणारी पडताळणीची खूण. ती केली की वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. मे महिन्यात, दारात वऱ्हाड उभे असताना ती खूण काढून टाकली जाई. सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची सोय बिनपैशाची होती आणि तिची किंमत वेळात मोजावी लागत होती. तीच आधी गेली.

छापखान्यांच्या दुनियेत ही चूक लगेच उघडी पडे, म्हणून तिथे शिस्त जास्त होती. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या परिसरातली जुळणी खिळ्यांकडून पेजमेकरकडे गेली, तेव्हा दिवाळी अंकाची, स्मरणिकेची पाने सीडीवर भरून फिल्म काढायला जात. पुण्या-मुंबईला जायची तर रात्रीच्या एसटीने किंवा देवगिरी एक्स्प्रेसने कोणाच्या तरी हाती. तिकडे सकाळी सीडी उघडली नाही, तर एक रात्र, एक दिवस आणि बहुधा दिवाळीही हातची जाणार. म्हणून दोन सीड्या पाठवायच्या, शक्य तर वेगवेगळ्या कंपनीच्या. सोबत फॉन्ट भरायचे, कारण मराठी मजकूर श्रीलिपीत, आकृतीत की सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकला आहे यावर समोरच्या पडद्यावर मराठी दिसणार की नुसती चिन्हे, हे ठरे. फॉन्ट राहिला तर सीडी शंभर टक्के शाबूत असूनही मजकूर गेल्यात जमा. आज जुन्या अंकांच्या सीड्या उघडताना हीच अडचण सर्वांत जास्त येते. लेखकाच्या कथेऐवजी पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा सडा दिसतो.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधून ठेवले आणि ती किल्ली पंथाबाहेर कळायला विसावे शतक उजाडावे लागले. वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. पण महानुभावांनी ती मुद्दाम बांधली होती आणि किल्ली सांभाळणारी परंपरा जिवंत होती. आमच्या डीटीपीवाल्यांनी नकळत बांधलेल्या लिप्यांची किल्ली एखाद्या बंद पडलेल्या फॉन्ट-संचात किंवा यूएसबी येण्याआधीच्या डोंगलमध्ये अडकली आहे. उलट काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक हाती आला, तर तो वाचायला डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

नीरोच्या बाबतीत अशी बांधलेली लिपी एकाच ठिकाणी तयार झाली आणि ती नेमकी अपग्रेडमधल्या वाढीव सोयींत. ‘बॅकइटअप’ने घेतलेल्या सुरक्षित प्रती कंपनीच्या स्वतःच्या मांडणीत साठवल्या जात, परत काढायला तोच प्रोग्राम हवा. प्रतिमा-फाइलींसाठीही नीरोची वेगळी मांडणी होती, सर्वमान्य आयएसओ नव्हे. ज्यांनी पैसे मोजून या सोयी वापरल्या त्यांचे दफ्तर आज जास्त अडचणीत आहे, आणि ज्यांनी जुन्या आवृत्तीत नुसत्या फाइली ओढून सीडी लिहिली त्यांचे साध्या रायटरमध्ये उघडते.

कोऱ्या सीडीचाही इतिहास इथे जोडायला हवा. दिल्लीची मोझर बेअर ही १९८३ साली स्थापन झालेली कंपनी पुढे जगातल्या मोठ्या सीडी-उत्पादकांत गणली गेली. तिच्या सीड्या औरंगाबादेत गल्लोगल्ली मिळत. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. सीडीचे आयुष्य तिच्या रंगद्रव्यावर आणि साठवणीवर ठरते. पत्र्याखालच्या माळ्यावर मराठवाड्याचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा वीस वेळा सोसलेली सीडी आणि भिंतीतल्या कपाटात उभी ठेवलेली सीडी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यातून वर चिकटवलेले लग्नाच्या फोटोचे गोल लेबल! त्याचा गोंद आणि असमान वजन यांनी किती डीव्हीडी मारल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शोभेसाठी केलेला हा खर्च मला अपग्रेडपेक्षाही वाईट वाटतो.

ज्यांच्या घरी किंवा संस्थेत अशा सीड्या आहेत, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. जुन्या सीडीवर दोन-तीनच फाइली दिसल्या तर ती टाकून देऊ नये. एकाच सीडीवर वेगवेगळ्या दिवशी थोडे थोडे लिहिण्याची सोय होती. प्रत्येक लेखनाला सेशन म्हणत. नवे सेशन लिहिताना आधीचे आत ओढून घ्यायचे राहिले, तर संगणक फक्त शेवटचे दाखवतो. आधीचे पुसलेले नसते, झाकलेले असते. सीडीच्या मागच्या बाजूला उजेड तिरका पाडून पाहिले तर वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या भागांमधली वर्तुळे डोळ्यांनाही दिसतात. ‘आयसोबस्टर’सारखा प्रोग्राम ही सारी सेशन एकेक करून उघडतो. शेवटच्या सेशनमध्ये छपाईला गेलेली पाने असतात आणि आतल्या वर्तुळांत त्याच अंकाची पहिली जुळणी, कापले गेलेले परिच्छेद आणि ऐनवेळी बदललेले मुखपृष्ठ.