अनोळखी माणसाला आत घेणारी वही

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला असलेलं पोरगं-पोरगी असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर काम करणारे जगभरातले प्रोग्रामर 'डेव्हकॉन' नावाच्या मेळाव्यात भेटतात. 2014 मध्ये बर्लिनला छोटी बैठक झाली. पुढे लंडन, शांघाय, कानकून, प्राग, ओसाका, बोगोटा, बँकॉक असा प्रवास झाला. 2026 चा मेळावा मुंबईत भरवायचं जाहीर झालंय. म्हणजे खोपोली लोकलने जाऊन येण्यासारख्या अंतरावर.

आता कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? तर सांगतो. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे 65,000 जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवण्याचं काम हाती घेतलं गेलं, तेही पॉलिगॉन या मुंबईतच जन्मलेल्या जाळ्यावर. दाखल्यासाठी तहसीलला किती चपला झिजतात हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा ही वही कोण लिहितं, कोण सांभाळतं, हा आपलाही प्रश्न आहे.

ब्लॉकचेन म्हणजे काय? गावाच्या हिशोबाची वही एकट्या तलाठ्याच्या कपाटात न ठेवता हजार घरांत तिच्या प्रती ठेवल्या, असं समजा. एकाने रात्रीतून आकडा बदलला तर बाकीच्या वह्यांशी तो जुळत नाही, चोरी उघडी पडते. मालक कुणीच नाही. पण मालक नाही म्हटलं की दुसरा प्रश्न येतो. वही चालवणारा प्रोग्राम कुणी लिहायचा, बिघडला तर दुरुस्त कुणी करायचा?

इथून खरा इतिहास सुरू होतो.

1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय असं इंटरनेटवर जाहीर केलं आणि लोकांकडे सूचना मागितल्या. पुढे प्रोग्रामही खुला केला. ज्यांचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं, अशांनी चुका शोधल्या, दुरुस्त्या पाठवल्या. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे.

बिटकॉइनचंही तसंच. 31 ऑक्टोबर 2008 ला 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने आराखडा प्रसिद्ध झाला. 2009 च्या जानेवारीत प्रोग्राम आला आणि कॅलिफोर्नियातल्या हॅल फिनीने तो चालवून पाहिला. 12 जानेवारीला सातोशीने त्याला 10 बिटकॉइन पाठवले, हा दोन माणसांमधला पहिला व्यवहार. बोलावणारा निनावी, आलेला स्वयंसेवक.

2013 मध्ये रशियात जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या विटालिक ब्युटेरिनने 19 व्या वर्षी इथेरियमची कल्पना मांडली. ब्रिटनचा गॅविन वूड आणि नेदरलँड्सचा जेफ्री विल्के येऊन मिळाले. 30 जुलै 2015 ला जाळं सुरू झालं.

मुंबईचा अध्याय 2017 चा. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 'मॅटिक' सुरू केलं. इथेरियमवर गर्दी झाली की व्यवहार महाग आणि संथ होतो, त्यावर हा उतारा. एक्सप्रेस वेवर रांग लागली की जुन्या घाटाने काढावं, तसं काहीसं. पुढे सर्बियाचा मिहायलो ब्येलिच सहसंस्थापक म्हणून आला आणि 2021 मध्ये मॅटिकचं पॉलिगॉन झालं. गंमत म्हणजे त्यांच्या चाचणीच्या जाळ्याचं नावच 'मुंबई' होतं. 2024 मध्ये ते बंद होऊन 'अमॉय' येईपर्यंत जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला प्रोग्रामर आपलं काम आधी 'मुंबई'वर तपासून घ्यायचा.

परक्यांना आत घेणं हा नुसता मोठेपणा नाही, त्यात स्वार्थ आहे. सप्टेंबर 2016 चं उदाहरण घ्या. शांघायला मेळावा भरायच्या वेळेसच इथेरियमवर हल्ला झाला. बहुतेक लोक वापरत होते तो 'गेथ' प्रोग्राम कोसळायला लागला. पण वेगळ्या चमूने वेगळ्या भाषेत लिहिलेला 'पॅरिटी' तग धरून राहिला आणि जाळं चालू राहिलं. सगळे एकाच पठडीतले असते तर सगळ्यांची चूकही एकच असती. आज इथेरियमला वेगवेगळ्या देशांतल्या चमूंचे असे अनेक प्रोग्राम आहेत. 'लाइटहाउस' तर ऑस्ट्रेलियातून येतो.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. लिनक्समध्ये सर्रास वापरलं जाणारं 'एक्सझेड' हे छोटं साधन फिनलंडचा लासे कोलिन बिनपगारी सांभाळायचा. 2021 पासून 'जिया टॅन' नावाने कुणीतरी मदतीला आलं. नेमाने काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या हातात घेतल्या, आणि 2024 मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. तो खोदत गेला, आणि 29 मार्च 2024 ला त्याने जगाला सावध केलं.

यावर काहीजण म्हणाले, बघा, अनोळखी माणूस घेतला की असंच होणार. मला उलट वाटतं. चोर आला दारातून हे खरं, पण पकडणाराही त्याच दारातून आलेला. फ्रॉइंड काही एक्सझेडच्या चमूतला नव्हता. कोड उघडा होता म्हणूनच त्याला आत डोकावता आलं. खरी चूक वेगळीच होती. एवढं मोठं ओझं एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर टाकून जग निवांत झोपलं होतं. पाहुण्याचं स्वागत करा, पण तिजोरीची किल्ली एकाच हातात नको आणि प्रत्येक ओळ दुसऱ्याने तपासलीच पाहिजे, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडे वळू. 1915 मध्ये टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायला लागली. पाणी घाटावरचं, यंत्रं परदेशातली, राबणारे हात इथले. बाहेरचं ज्ञान आणि इथले कष्ट एकत्र आले की काय होतं, हे खोपोलीने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. फरक एवढाच, की तेव्हा मालक ठरलेला होता. इथे मालक नाही, त्यामुळे आपल्या पोरांना नोकरीची चिठ्ठी मिळायची वाट पाहावी लागत नाही. बऱ्याच प्रकल्पांत नव्या माणसासाठी सोपी कामं वेगळी खूण करून ठेवलेली असतात. कागदपत्रं मराठीत आणणं, चुका कळवणं, चाचण्या करणं, सुरुवात इथूनही होते. मराठी विकिपीडिया 2003 पासून असाच स्वयंसेवकांवर उभा आहे आणि तिथल्या चर्चेच्या पानाचं नाव 'चावडी' आहे. म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही.

एक इशारा मात्र ठळक अक्षरात वाचा. ब्लॉकचेनचं नाव घेऊन 'पैसे भरा, तीन महिन्यांत दुप्पट' म्हणणारा माणूस या जगातला नव्हे. खुल्या प्रकल्पात आत यायला एक रुपया लागत नाही आणि चार माणसं जोडायलाही कुणी सांगत नाही. जिथे प्रवेश फी आहे आणि कोड बघायला मिळत नाही, तिथून उलट्या पावली परत फिरा.

कर्जत-खालापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एवढंच सांगणं आहे. जग मुंबईत येतंय, तेव्हा पोरांना नुसतं बघायला नेऊ नका. त्याआधी प्रत्येकाच्या नावावर एक तरी छोटी दुरुस्ती जमा होऊ द्या. उद्या आपल्या तालुक्याचे दाखले अशा वहीत गेले, तर ती वही वाचता येणारी चार माणसं गावात असलेली बरी. नाहीतर कपाटाची किल्ली पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी कमरेला.

तुमच्या ओळखीत असं काम करणारं इथलं कुणी असेल तर खाली लिहा. इतर पोरांनाही कळू द्या.