मोटरहोमच्या इंजिनासाठी सौम्य कॅमशाफ्ट

सौम्य कॅमशाफ्ट म्हणजे झडपा (व्हॉल्व्ह) थोडा वेळ आणि माफक उंचीपर्यंत उघडणारा, इंजिनाच्या कमी व मध्यम वेगात अधिक टॉर्क देणारा कॅमशाफ्ट होय. १९७०च्या दशकातील अमेरिकन मोटरहोम, म्हणजेच चाकांवरच्या घरांच्या, इंजिनांची दुरुस्ती करताना झिजलेल्या मूळ कॅमशाफ्टऐवजी तो बसवतात. अशा अवजड वाहनासाठी कॅमशाफ्ट निवडताना कमाल अश्वशक्तीपेक्षा प्रवासात इंजिन प्रत्यक्ष ज्या वेगाने फिरते तो वेग महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत तयार केलेले मोटरहोम हे याचे परिचित उदाहरण आहे. त्यात ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीची पुढील चाके फिरवणारी यंत्रणा वापरली होती. आरंभी ४५५ घन इंची (सुमारे ७.५ लिटर) आणि शेवटच्या काळात ४०३ घन इंची (सुमारे ६.६ लिटर) आठ-सिलिंडरी इंजिन बसवले जाई. प्रवासाच्या सामानासह या वाहनाचे वजन सुमारे ५ टन भरते. ताशी ९५ ते १०० किलोमीटर वेगाने जाताना मूळ गिअर-गुणोत्तरानुसार इंजिनाचे मिनिटाला साधारण २,१०० ते २,३०० फेरे होतात. त्याची बहुतेक कामगिरी याच पट्ट्यात पार पडते.

मापे व त्यांचा अर्थ

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. त्याच्यावरील उंचवट्यांना लोब म्हणतात. निवडीच्या वेळी पुढील मापे पाहिली जातात.

* *कालावधी* : झडप उघडी असताना क्रँकशाफ्ट किती अंश फिरतो ते माप. तुलनेसाठी टॅपेट १.२७ मिलिमीटर (०.०५० इंच) उचलले गेल्यापासूनचा कालावधी धरतात. मोटरहोमसाठी तो साधारण २०० ते २१५ अंश असतो.
* *उचल* : झडप किती उंच उघडते ते माप. ओल्ड्समोबिल इंजिनात रॉकरमुळे लोबची उचल सुमारे १.६ पट होते.
* *लोबमधील कोन* : अंतर्ग्रहण व निष्कास लोबच्या मध्यांतील अंतर. कालावधी तोच ठेवून हा कोन वाढवला, तर दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ घटतो आणि इंजिन मंद गतीत स्थिर चालते. सौम्य कॅमशाफ्टमध्ये तो बहुधा ११० ते ११२ अंश असतो.

निवडीची कारणे

दीर्घ कालावधीच्या कॅमशाफ्टमध्ये अंतर्ग्रहण झडप उशिरा मिटते. कमी वेगात वर येणारा पिस्टन तेवढ्या वेळात आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग परत बाहेर ढकलतो. जीएमसी मोटरहोमच्या ४५५ इंजिनाचे संपीडन गुणोत्तर मुळातच ८.५:१ इतके कमी असल्याने हा तोटा अधिक जाणवतो. चढावर वाहन मंदावते, चालक प्रवेगक अधिक दाबतो व इंजिन तापते. झडप लवकर मिटल्यास मिश्रण आत टिकते आणि टॉर्क वाढतो. मात्र सिलिंडरमधील दाबही वाढत असल्यामुळे लांब चढावर ठोके (नॉकिंग) ऐकू येत नाहीत ना, हे पाहून प्रज्वलनाची वेळ ठरवावी लागते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. ब्रेकना साहाय्य करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. स्वयंचलित गिअरबॉक्समधील गिअर बदलण्याचा क्षण ठरवणाऱ्या मॉड्युलेटरलाही तोच व्हॅक्यूम लागतो. कॅमशाफ्ट फार तीव्र असल्यास मंद गतीत व्हॅक्यूम घटतो. परिणामी ब्रेकचे पेडल जड होते व गिअर उशिरा आणि धक्क्याने बदलतात.

संबंधित भाग

ओल्ड्समोबिलच्या निरनिराळ्या इंजिनांत टॅपेटांच्या रांगांचा कोन ४५ किंवा ३९ अंश होता. ४५५ इंजिनात तो ३९ अंश आहे. दुसऱ्या कोनासाठी घडवलेला कॅमशाफ्ट त्यात चालत नाही. या इंजिनातील मूळ रॉकर जुळवून घेता येत नाहीत. त्यामुळे पुन्हा घासून घडवलेला, लहान मूळवर्तुळाचा कॅमशाफ्ट घेतल्यास पुशरॉडची लांबी तपासणे आवश्यक असते.

त्या काळच्या टायमिंग चक्राच्या दात्यांवर नायलॉनचे आवरण असे. ते कालांतराने ठिसूळ होऊन तुटते आणि त्याचे तुकडे तेलपंपाच्या जाळीत अडकतात. म्हणून कॅमशाफ्टबरोबरच साखळी आणि पूर्ण धातूची चक्रे बदलतात, तसेच तेलाचे पात्र उतरवून स्वच्छ करतात.

झीज व सुरुवातीची चाल

सपाट टॅपेटाचा लोब झिजल्यास संबंधित सिलिंडर दुबळा होतो. निष्कास लोब झिजला असेल, तर कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो. रॉकरजवळ डायल गेजने प्रत्येक झडपेची उचल मोजल्यावर दोष निश्चित करता येतो.

नव्या कॅमशाफ्टबरोबर सर्व टॅपेट नवेच घालतात, कारण जुन्या टॅपेटचा तळ जुन्या लोबनुसार झिजलेला असतो. लोबला किंचित उतार आणि टॅपेटच्या तळाला किंचित फुगीरपणा दिलेला असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहते आणि झीज एका जागी साचत नाही. लोबवर खास वंगण लावून, तेलपंप आधी फिरवून इंजिन सुरू करतात. त्यानंतर ते सुमारे २० ते ३० मिनिटे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास, वेग थोडा कमीजास्त करत चालवतात. मंद गतीत क्रँकशाफ्टकडून लोबवर पुरेसे तेल उडत नाही. त्यामुळे या टप्प्यात मंद गती टाळली जाते.

झीज रोखणारे जस्त-फॉस्फरस संयुग आधुनिक मोटार-तेलांत कमी असते. फॉस्फरसमुळे उत्प्रेरक परिवर्तक निकामी होत असल्याने त्याच्या प्रमाणावर मर्यादा आल्या. सपाट टॅपेटाच्या इंजिनात म्हणून हे संयुग अधिक असलेले तेल वापरतात. या टप्प्यावर दुर्लक्ष झाल्यास योग्य निवडलेला कॅमशाफ्टही अल्पावधीत निकामी होऊ शकतो, आणि त्याच्या धातूचा कीस तेलातून बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

हे सुद्धा पहा

* कॅमशाफ्ट
* अंतर्ज्वलन इंजिन
* टॉर्क