पोटातला गुल्म, वाशिमचा गुल्म

होमरच्या 'इलियड'मध्ये पशूचा बळी दिल्यावर मांड्यांची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळतात. ती जळाली की काळीज, यकृत असे आतले अवयव चाखायचे. उरलेलं मांस त्यानंतर सळ्यांवर चढतं. या अवयवांना ग्रीक शब्द 'स्प्लांख्ना'. पुढे बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीकमध्ये 'कळवळा येणे' हे क्रियापद त्याच शब्दावरून आलं. वऱ्हाडात आईचं लेकरासाठी आतडं तुटतं. माया सांगायला ग्रीकांनीही पोटच गाठलं.

त्याच कुळातला दुसरा ग्रीक शब्द 'स्प्लेन'. संस्कृत 'प्लीहा' हे त्याचं सख्खं भावंड. मराठीत ती पानथरी, हिवतापात सुजते ती. संस्कृत कोशांत प्लीहेला आणखी एक शब्द सापडतो: गुल्म.

हा शब्द फार मोठा संसार मांडून बसला आहे. गुल्म म्हणजे झुडपांची जाळी. महाभारतातल्या सैन्यरचनेत गुल्म ही तुकडी: ९ हत्ती, ९ रथ, २७ घोडे आणि ४५ पायदळ. वैद्यकात गुल्म म्हणजे पोटातला गोळा. चरकाने त्याचे पाच प्रकार केले. पाचवा रक्तगुल्म, फक्त स्त्रियांना होणारा. सुश्रुताने नावाची कारणंही दिली: या गोळ्याचं मूळ लपलेलं असतं आणि तो झुडपासारखा पसरतो. रोग्याच्या पोटावर हात ठेवून बसलेल्या वैद्याला रान आठवावं, ही निरीक्षणाची कमालच.

हाच गुल्म वाशिमच्या जुन्या नावात आहे. वत्सगुल्म ही वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये वाशिमला मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी इथूनच दिला गेला. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे, दानाचा तपशील प्राकृतात.

नाव कसं पडलं? 'कामसूत्रा'वरची जयमंगला टीका सांगते की वत्स आणि गुल्म हे दक्षिणेतले दोघे राजपुत्र भाऊ. स्थानिक कथा वेगळी आहे: वत्स ऋषींच्या आश्रमाजवळ देव गोळा झाले, म्हणून वत्सगुल्म. इतिहास म्हणून दोन्ही तपासूनच घ्याव्या लागतील. पण जाळी, तुकडी, गोळा, सगळीकडे दाटून एकत्र येणंच आहे, त्यामुळे शब्दाची नाडी स्थानिक कथेला अधिक नेमकी सापडली, असं म्हणायला हरकत नाही.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या रूपकातल्या जोडप्याचं लग्न लागतं, ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात.