चोविसाव्या भागातली मोटार

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर 2,400 मिलिमीटर. 1:24 प्रमाणात ते बरोबर 100 मिलिमीटर भरते. तामिया या जपानी कंपनीचा 1966 च्या बीटलचा जोडणी-संच याच प्रमाणातला आहे. पट्टी लावून पाहिली की हिशेब जुळतो. पण 24 ने भागली जाते ती फक्त लांबी. पृष्ठफळ 576 पटींनी घटते आणि घनफळ 13,824 पटींनी. सुमारे 800 किलोची गाडी या न्यायाने जेमतेम 58 ग्रॅमची होते. मात्र बघणाऱ्याला हवा असतो तो 800 किलोंचा भास, म्हणून रबरी टायरचा तळ किंचित घासून सपाट करतात. भाराखाली टायर दबलेला दिसला की गाडी जमिनीवर बसते. मापाने पाहिले तर ही लबाडीच आहे, आणि छंदातले बहुतेक कौशल्य अशाच लबाड्यांमध्ये आहे.

जाडीचेच पाहा. मोटारीचा पत्रा मिलिमीटरभराच्या आत-बाहेर असतो. 1:24 ला तो कागदाहूनही पातळ हवा, पण साच्यात ओतलेले पॉलिस्टायरिन एवढे पातळ निघत नाही. मिलिमीटरभर जाडीची काच मूळ मापात 24 मिलिमीटरची, म्हणजे चिलखती गाडीला शोभणारी ठरते. यावर उपाय एकच: चाकावरच्या कमानींच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून तासायच्या. नजरेला कड दिसते, जाडी दिसत नाही.

खरी परीक्षा रंगाची. दार आणि बॉडी यांच्यातली फट मूळ गाडीत पाचेक मिलिमीटर धरली, तर प्रतिकृतीत ती 200 मायक्रॉन. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून 50 मायक्रॉनचा थर बसला, तर दोन्ही काठांकडून मिळून फट निम्मी बुजते. उलट हिशेबाने हाच थर मूळ गाडीवर 1.2 मिलिमीटर जाडीचा होईल; असा रंग कोणत्याही गॅरेजवाल्याने ओरबाडून काढला असता. म्हणून रंगकामाआधीच फटी स्क्रायबरने खोल करतात, आणि एअरब्रशने एका जाड हाताऐवजी अनेक पातळ हात देतात. मेटॅलिक रंगाची गत याहून वाईट. त्यातला 25 मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा कण 24 पटींनी अर्ध्या मिलिमीटरहून मोठा दिसतो, आणि गाडीवर चमकी भुरभुरल्यासारखी वाटते. गाड्यांसाठीचा तयार रंग मॉडेलवर फसतो तो बहुधा इथे. बारीक कणांचा रंगच घ्यावा लागतो. छोट्या वस्तूचा रंग थोडा फिकट करावा, असा विमानांची मॉडेल्स करणाऱ्यांचा दंडक आहे. चकचकीत मोटारीला तो लावू नये असे माझे मत. तिथे छटेपेक्षा प्रतिबिंबाची धार महत्त्वाची असते.

मुंबई-कोकणात या कामाला पावसाळा आडवा येतो. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट सावट येते. सावकाश उडणारा रिटार्डर घातला तर त्रास कमी होतो. कोरड्या दिवसाची वाट पाहणे स्वस्त पडते.

प्रमाणाचा आकडाही दर वेळी विश्वासाचा नसतो. अमेरिकी संचांत 1:25 रूढ आहे, जपानी आणि युरोपीय संचांत 1:24. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक चार टक्क्यांचा, पण एकाचे इंजिन दुसऱ्यात बसवताना तो बोचतो. मॅचबॉक्सच्या जुन्या गाड्यांत तर खोक्यात मावणे हाच नियम होता. बस आणि मोटार जवळपास एकाच लांबीच्या निघत.

फेरबदलांचा प्रांत निराळा. एएमटी या अमेरिकी कंपनीने 1958 पासून एकाच खोक्यात तीन पर्याय दिले: कारखान्यातून निघालेली, शर्यतीची आणि हौसेने बदललेली गाडी. पहिलीचे छायाचित्र सापडते, चूक दाखवता येते. तिसरीला मूळच नाही. तिला लागू होते ती फक्त शक्यतेची कसोटी. समजा 1:25 च्या गाडीचे छत 3 मिलिमीटरने खाली आणायचे, म्हणजे मूळ मापात 75 मिलिमीटर, साधारण तीन इंच. खिडक्यांच्या खांबांतून तेवढी पट्टी कापली तरी वरचा भाग खालच्यावर बसत नाही, कारण खांब तिरके असतात आणि छत कमरेपेक्षा अरुंद असते. मग छत मधोमध कापून लांबवावे लागते, सांध्यात प्लास्टिकची पट्टी आणि पुट्टी भरावी लागते, काच नव्या पारदर्शक शीटमधून कापावी लागते. एवढे झाल्यावर सीट जुन्याच उंचीवर राहिली, तर चालकाचे डोके छताला लागते. सीट खाली घ्यायची तर मजला कापावा लागतो आणि मजल्याखाली गिअरबॉक्स असतो. हा पेच मोठ्या गॅरेजमध्ये जसा सोडवतात, तसाच टेबलावर सोडवावा लागतो. छोटी करवत त्यात काही सूट देत नाही.